ड्राय जिल्ह्यातला माणूस

"नाशिककडे द्राक्षाच्या बागा बघायला चाललो," असं मी शेजाऱ्याला सांगितलं आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. बागा बघितल्या. द्राक्षं बघितली. त्या द्राक्षांचं पुढं काय करतात तेही बघितलं. शेजाऱ्यानं इतक्या खोलात विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

आमचं सेलू वर्धा जिल्ह्यातलं. परभणी जिल्ह्यातही एक सेलू आहे, त्यामुळे बाहेरगावी नाव सांगितलं की लोक आधी आम्हाला मराठवाड्यात पाठवतात, तिथून मग आम्ही आपले आपण परत येतो. नागपूर-वर्धा रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. अंगाला बोर नदी, शेजारी घोराडला संत केजाजी महाराजांचं देवस्थान, हिंगणीकडे गेलं की बोर धरण आणि त्याच्या काठचा व्याघ्रप्रकल्प, देशातल्या सगळ्यांत लहान प्रकल्पांपैकी एक. वाघ मात्र पूर्ण मापाचे आहेत. एके काळी सेलू म्हटलं की केळी, असं होतं. आमच्या वडिलांचीही बाग होती. आता तिथं कापूस आणि तूर उभी असते, आणि केळी आम्ही ठेल्यावरून आणतो.

पण आमचा खरा लौकिक वेगळा. गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले आणि त्या शेगावचं सेवाग्राम झालं. पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम. एवढी दोन माणसं जिथं राहिली तिथं दारूचं दुकान शोभत नाही, म्हणून सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. पुढं १९९३ मध्ये गडचिरोली आमच्या बाकावर येऊन बसलं, २०१५ मध्ये चंद्रपूर आलं. चंद्रपूर २०२१ मध्ये उठून गेलं. आम्ही जागचे हललो नाही. बाकीच्या महाराष्ट्रात २ ऑक्टोबर वर्षातून एकदा येतो. आमच्याकडे तो रोज असतो.

बंदी आल्यावर दारू संपली, असा कुणाचा समज असेल तर त्यानं आमच्याकडचं वर्तमानपत्र वाचावं. जिल्ह्याच्या पानावर दिवसाआड एक बातमी ठरलेली: 'वॉश आऊट' मोहीम, इतके ड्रम, इतके लिटर कच्चा मोहा सडवा जागीच नष्ट, एक दुचाकी, एक मोबाइल, एकूण इतक्या हजारांचा मुद्देमाल. चहाबरोबर हे वाचत माझी हयात गेली. इतर जिल्ह्यांतला माणूस दारू पितो, आमचा वाचतो. मोहफुलं किती दिवस भिजवली की फसफसतात, गुळाचं प्रमाण काय, भट्टी नाल्याकाठीच का लावतात, हे मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. वासही न घेता एवढं पांडित्य मिळवलेली माणसं जगात फारशी नसावीत.

त्यात मी विज्ञानाचा मास्तर. बत्तीस वर्षं किण्वनाचा धडा शिकवला. ग्लुकोजचा एक रेणू, त्यावर यीस्टची कृपा, की अल्कोहोलचे दोन रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन. हे समीकरण फळ्यावर लिहिताना डावी बाजू मला प्रत्यक्ष ठाऊक होती, उजवीकडचा वायूही ठाऊक होता. मधल्या पदार्थापाशी आलं की मी "पुढचं घरी वाचा" म्हणत असे. प्रात्यक्षिकाविना शिकवलेला हा एकच धडा.

अगदीच प्रात्यक्षिकाविना असंही नाही म्हणता येणार. एक प्रात्यक्षिक झालं होतं. १९९१ साली, बुटीबोरीला, एका सहकाऱ्याच्या भावाच्या वरातीत. बुटीबोरी नागपूर जिल्ह्यात येते, म्हणजे कायद्याच्या बाजूनं सगळं स्वच्छ होतं. त्यापलीकडे त्या संध्याकाळबद्दल कुणाशीच बोलायचं नाही, असं मी तेव्हाच ठरवलं होतं आणि ते पाळलं.

लेक पुण्यात नोकरीला. संक्रांतीला आली ती नव्या गाडीनं, एकटी चालवत. आली तेव्हा आई काही बोलली नाही, पण परत निघायची वेळ आली तसा हुकूम सुटला: पोरीनं एवढं लांब एकटीनं जायचं नाही, बाबा सोबत जातील. ती स्वतः का येणार नव्हती, तर रथसप्तमीपर्यंत गावभर हळदीकुंकू आणि यंदाचं वाण म्हणून आणलेल्या चाळीस स्टीलच्या चाळण्या. मला गाडी चालवता येत नाही, चाक बदलता येत नाही, आडरानात गाडी बंद पडली तर मी फार तर तिचं कारण समजावून सांगू शकतो. तरी सोबतीला बाप हवा. लेक म्हणाली, "चला बाबा, वाटेत नाशिकला एक दिवस थांबू. द्राक्षाच्या बागा दाखवते. तिथून तुम्ही सेवाग्राम एक्स्प्रेसनं परत."

येळाकेळीला समृद्धी महामार्गावर चढलो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला तेव्हा आमच्याकडची माणसं नुसती बघायला जाऊन आली होती, बाळ बघायला जातात तशी. ताशी एकशेवीसची परवानगी असलेला, सरळ, रिकामा, दोन्ही बाजूंनी कुंपण घातलेला रस्ता. त्यावर गाडी चालवताना डोळे उघडे असूनही माणसाला भूल पडते, त्याला पेपरवाले 'रोड हिप्नॉसिस' म्हणतात. ती पडू नये म्हणून चालवणाऱ्याशी बोलत राहावं, असं मी वाचलं होतं. मी बोलत राहिलो. सोयाबीनचा भाव झाला, शाळेतल्या जुन्या भानगडी झाल्या, न्यूटनचा पहिला नियम झाला.

"बाबा," कारंजाच्या आसपास लेक म्हणाली, "तुम्ही थोडं गप्प राहता का? मले झोप येऊन राहिली."

त्याआधी वर्धा नदी ओलांडताना तिनं एक बोट उचलून दाखवलं होतं. "झाली हद्द. आता आपण ओल्या जिल्ह्यात." बोलण्यातला सूर मला जरा सवयीचा वाटला. पण मुलीच्या प्रत्येक सुराचा बापानं माग काढू नये. ती पुण्यात काय खाते, किती वाजता झोपते, हे ती आईला सांगते आणि आई गाळून मला सांगते. चाळण्या आमच्या घरात संक्रांतीच्या आधीपासून आहेत. ती कधी 'घेते' का, हा प्रश्न त्या चाळणीतून कधी खाली आला नव्हता. मी कधी घेतली का, हा प्रश्न तिच्या मनात आला असण्याचं कारणच नव्हतं. मी तिचा बाप होतो आणि वर्ध्याचा होतो.

जालना मागं पडल्यावर तिनं हळूच सांगितलं, "बाबा, बाग म्हणजे तशी वाइनरी आहे."

"म्हणजे कारखाना?"

"कारखानाच. पण तुमचा धडा आहे ना तो, किण्वनाचा? तो सगळा तिथं प्रत्यक्ष दाखवतात. स्टीलच्या टाक्यांत."

मुलं मोठी झाली की आपल्याला कुठं धरायचं ते त्यांना नेमकं कळतं. मी म्हटलं, धडा असेल तर बघायला हरकत नाही.

सिन्नरजवळ समृद्धीवरून उतरलो. नाशिकच्या द्राक्षांची गोष्ट मला मास्तरकीच्या दिवसांत एवढीच माहीत होती, की ती गोड असतात आणि आमच्याकडे येईपर्यंत महाग होतात. खायच्या द्राक्षांचं हे जुनं राज्य. वाइनची लागण त्या मानानं अलीकडची. महाराष्ट्रात आधी नाव झालं ते पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावचं. तिथं ऐंशीच्या दशकात शामराव चौगुल्यांनी 'शातो इंडाज' उभी केली आणि फसफसती वाइन थेट परदेशात विकून दाखवली. नाशिकला राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून आले, गंगापूर धरणाजवळच्या माळावर त्यांनी वेल लावले आणि १९९९ मध्ये 'सुला' सुरू झाली. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्षप्रक्रियेचं धोरणच काढलं, विंचूरला वाइन पार्क केलं, आणि मग शेतकऱ्यांची पोरं शिराझ, सोव्हिन्यो असल्या नावांच्या काड्या बांधावर उतरवून घ्यायला लागली.

'सुला' हे नाव सामंतांच्या आईचं, सुलभा. हे लेकीनं सांगितलं तेव्हा मी थोडा वेळ गप्पच झालो. आमच्याकडेही मुलं आईचं नाव देतात, पण घराला. 'मातृछाया'. फार झालं तर पिठाच्या गिरणीला.

वाइनचा एक वाद मात्र आम्ही सेलूतही लढलो आहोत. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळानं ठरवलं, की हजार चौरस फुटांहून मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला हरकत नाही. फळबागायतदारांचं भलं होईल. महाराष्ट्र पेटला. अण्णा हजारे उपोषणाच्या तयारीत. वाइन ही दारू आहे की नाही, यावर आमच्या बसस्टँडवर दोन तट पडले, दोन जुन्या मित्रांचं बोलणं बंद झालं. आठवड्यानं कुणीतरी बातमी शेवटपर्यंत वाचली. दारूबंदीच्या जिल्ह्यांना हा निर्णय लागूच नव्हता. आणि हजार चौरस फुटांचं किराणा दुकान सेलूत कुणी बघितलंय?

असो. दुसऱ्या दिवशी सकाळी बाग.

गंगापूर धरणाच्या बाजूची टेकाडं, लाल-करडी माती आणि तारांवर ओळीनं बांधलेले वेल. बागेतला माणूस गावचाच, चाळिशीचा, डोक्याला गमछा. त्याच्याशी माझं लगेच जमलं, कारण तो शेतीची भाषा बोलत होता. युरोपात वेल वर्षातून एकदा छाटतात, आपल्याकडे दोनदा: एप्रिलमध्ये खरड छाटणी, ती काडी घडवायला, ऑक्टोबरात गोडी छाटणी, ती घड आणायला. मण्यात पाणी उतरलं की पाखरं सांभाळायची. जानेवारी लागला की तोड सुरू. त्यानं एक घड तळहातावर घेऊन दाखवला. बारीक मणी, काळपट निळे, वर राखेसारखी झिलई. खायच्या द्राक्षासारखे टपोरे नव्हेत, आमच्या रानातल्या जांभळाहूनही लहान. तोंडात टाकला तर जाड साल दाताखाली करकरली, मागोमाग दोन बिया, आणि मग अशी गोडी की घसा धरला.

"एवढी गोड अन् खायच्या कामाची नाही?"

"काका, साल, बी आणि साखर, तिन्ही तिकडं लागतात," तो म्हणाला. "खायच्या मालात आपण बी काढतो, साल पातळ करतो, मणी फुगवतो. हा माल जसा आहे तसाच ठेवायचा." मग त्यानं खिशातून दुर्बिणीसारखी एक नळी काढली, काचेवर रसाचा थेंब टाकला आणि उजेडाकडे धरून मला दिली. निळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर आकडा: तेवीस ब्रिक्स. शंभर ग्रॅम रसात जवळपास तेवीस ग्रॅम साखर. प्रकाशाचं अपवर्तन मी बत्तीस वर्षं पाण्याच्या ग्लासात तिरपी पेन्सिल ठेवून शिकवलं. त्या अपवर्तनावर बाजारभाव ठरतो, हे कुणी सांगितलं असतं तर माझ्या वर्गातली दोनचार पोट्टी तरी जागी राहिली असती. मी सात मणी मोजले. लेक लांब उभी राहून फोटो काढत होती.

कारखान्यात शिरलो आणि मला घरी आल्यासारखं झालं. दोन पुरुष उंचीच्या चकचकीत टाक्या, अंगाला थंड पाण्याची कवचं, वरच्या नळीतून बुडबुडे. कार्बन डायऑक्साइड! फळ्यावरचा उजवा वायू! माहिती देणारा मुलगा पंचविशीचा, इस्त्रीचा शर्ट, सोबत आणखी सहा-सात पाहुणे. तो म्हणाला, "इथं फर्मेंटेशन होतं. पांढरी वाइन थंड ठेवतो, लाल थोडी उबेत, सालीसकट."

"म्हणजे सडवा," मी म्हणालो.

मुलाचा चेहरा पडला. "नाही सर, फर्मेंटेशन."

"बाबा," लेक दातांतल्या दातांत म्हणाली.

माझा हेतू शुद्ध होता. मोहफुलाची साखर ड्रममध्ये फसफसली की तिला सडवा म्हणतात, ती नष्ट करतात आणि फोटो छापतात. द्राक्षाची साखर स्टीलच्या टाकीत फसफसली की तिच्यासमोर उभं राहून फोटो काढतात. यीस्टला यातलं काही ठाऊक नाही, तो दोन्हीकडे सारखाच राबतो. हे मी बोललो नाही, पण त्या मुलाला जवळ घेऊन विचारलं, की रस टिकायला सल्फर डायऑक्साइड कोणत्या रूपात घालता? पोटॅशियम मेटाबायसल्फाइट का? किती? त्यानं ताठ उभं राहून हात मागं बांधले. कुठल्याही पिढीतला विद्यार्थी तोंडी परीक्षेला असाच उभा राहतो. उत्तर बरोबर आलं. मी "शाब्बास" म्हणालो आणि बाकीच्या पाहुण्यांनी मला वाट करून दिली.

मग सगळ्यांना वरच्या गच्चीत नेलं. समोर धरणाचं पाणी, लांबट टेबल, प्रत्येकापुढं काचेचे चार पेले आणि मधे एक रिकामं भांडं.

"बाबा, तुम्ही नुसते बसा," लेक म्हणाली. "मीही नुसती चव बघते. शिकायला."

"शिकायला तर मीही बघतो," मी म्हणालो.

एक शंका मात्र मी आधी काढली. महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो. विदेशीचा एका दिवसाचा पाच रुपयांत, देशीचा दोन रुपयांत, आणि मुळात तो द्यायचा तो आरोग्य राखण्यासाठी. १९४९ चा कायदा आहे. टेबलावरच्या कुणालाच तो माहीत नव्हता. त्यातले दोघे तर रोज पिणारे दिसत होते. पिणाऱ्या जिल्ह्यांचं असं असतं. कायदा सगळा आम्हाला पाठ.

मुलानं पहिली ओतली. "सोव्हिन्यो ब्लाँ. आधी रंग बघायचा, मग पेला फिरवायचा, मग वास, मग छोटा घोट. यात तुम्हाला पेरू, ढोबळी मिरची आणि नुकतंच कापलेलं गवत मिळेल."

"मिरची अन् वैरण," मी लेकीला म्हणालो. "बाजारहाट झाला."

वास घेताना परीक्षानळी नाकाशी न्यायची नाही, हातानं वारा आपल्याकडे ओढायचा, हा प्रयोगशाळेचा नियम. मी पेला वीतभर लांब धरून तळहातानं वारा घेतला. समोरच्या बाईंना वाटलं मी आरती घेतोय. त्यांनी चक्क हात जोडले. मिरची काही आली नाही. गवत आलं, कारण खालच्या बागेत खरंच गवत कापत होते.

दुसरी होती शेनिन ब्लाँ. नाव ऐकून पेला आणखी लांब धरला, पण प्रकरण गोडसर निघालं.

"ही पुढची मात्र ड्राय आहे," मुलगा म्हणाला.

"ड्राय? मग आमच्या जिल्ह्यात चालंल."

"कुठला जिल्हा, सर?"

"वर्धा."

"अरे वा! सेवाग्राम!" असं म्हणता म्हणता त्याच्या हातातली बाटली आपोआप पाठीमागं गेली. वर्ध्याच्या माणसाला हे नवं नाही. आम्ही कुठंही गेलो तरी समोरचा आधी बापूंना आठवतो, मग आमच्याकडे तपासून बघतो. आम्ही त्या मापात बसत नाही, हे त्याला दोन मिनिटांत कळतं, पण त्या दोन मिनिटांत आपण उगाच ताठ बसतो.

मधलं भांडं कशाला, तेही कळलं. घोट तोंडात घोळवून त्यात थुंकायचा. खरे जाणकार गिळत नाहीत म्हणे. आमच्याकडे थुंकण्याच्या शास्त्रात कुणी मागं नाही, खर्ऱ्यानं गावागावांतले जिने रंगवलेत. पण खर्रा गिळायची सोयच नसते. पैसे मोजून घेतलेली, गिळता येण्यासारखी वस्तू थुंकायची, हे विदर्भाच्या बुद्धीला पटणारं नाही. टेबलावर कुणीच थुंकलं नाही. भांडं जसं आलं तसं गेलं.

चौथ्या बाटलीला बूच होतं. आतापर्यंतच्या तिन्हींना फिरकीची झाकणं, ही मात्र शिराझ, वर्षभर ओकच्या पिंपात मुरलेली. मुलानं मळसूत्र आत फिरवलं, ओढलं, आणि एक लहानसा, समाधानाचा आवाज आला. मी ते बूच मागून घेतलं. रॉबर्ट हूकनं १६६५ मध्ये बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्यातल्या कप्प्यांना 'सेल' म्हटलं. पेशी हा शब्द तिथून सुरू. हे मी दरवर्षी शिकवत आलो, आणि खरं बूच एकदाही हातात धरलं नव्हतं. आमच्या वेळच्या औषधाच्या बाटल्यांनाही पत्र्याची झाकणं. एका बाजूला जांभळा डाग असलेलं ते बूच मी खिशात टाकलं.

"मिरे, लवंग, जांभूळ," मुलगा म्हणाला.

आणि तेव्हा मला ते दिसलं. लेक धरणाकडे बघत होती, मन दुसरीकडे, आणि तिचा हात पेला फिरवत होता. टेबलाला न टेकवता, हवेत, दांडी दोन बोटांत धरून, मनगटाच्या एका बारीक झोक्यानं. लाल रंग काचेच्या कडेकडेनं चढत होता, उतरत होता. एक थेंब बाहेर नाही. बत्तीस वर्षं मी मुलांच्या हातातल्या परीक्षानळ्या बघितल्या आहेत. पहिल्यांदा धरणारा हात कोणता आणि मुरलेला कोणता, हे मला पाठीमागूनही कळतं. हा हात पहिल्या दिवसाचा नव्हता. पहिल्या वर्षाचाही नव्हता.

मी काही बोललो नाही. माझा पेला उचलला आणि रिकामा केला. खाली ठेवला. मनगटानं मिशा पुसल्या.

"बाबा."

"हं."

"एका दमात?"

"औषध असंच घेतात."

"पहिल्यांदा घेणारा माणूस तोंड वाकडं करते. तुमचं तोंड जाग्यावर होतं." ती आता माझ्याकडे पूर्ण वळली होती. "अन् ते मिशा पुसणं."

"तू पेला कशी फिरवून राहिली होती, ते पाहिलं मी. आमच्या प्रयोगशाळेत एकाले नाही जमलं तसं."

"ऑफिसच्या पार्ट्यांत सगळेच..."

"सगळ्यांचे सांडत असतील."

दोघंही धरणाकडे बघायला लागलो. पाणी भरपूर होतं. एक बगळा काठावर उभा होता, तो उडेपर्यंत आम्ही त्याला बघितला.

"कुठं?" तिनं विचारलं.

"बुटीबोरी."

"कधी?"

"तू व्हायच्या आधी."

"आईला माहीत आहे?"

"काही तरीच काय. तुझं?"

"तिला? काही तरीच काय."

एवढंच बोलणं झालं आणि करार पक्का झाला. आपण द्राक्षाच्या बागा बघितल्या, सात मणी खाल्ले, अर्धा किलो बेदाणे घेतले. मुलगा येऊन विचारत होता की सरांना एखादी बाटली भेट म्हणून न्यायची आहे का. मी बेदाण्यांची पिशवी वर करून दाखवली. लेकीनं एक घेतली. ती पुण्याला जाणार होती, तिथं कायदा आड येत नाही. "मैत्रिणीसाठी," ती म्हणाली. मी मान हलवली. बुटीबोरीलाही मी सहकाऱ्याच्या भावासाठीच गेलो होतो.

संध्याकाळी नाशिक रोडला तिनं मला गाडीत बसवून दिलं. ज्या गाडीचं नावच सेवाग्राम, तिच्यात आपण शिराझ पिऊन बसलो आहोत, या विचारानं मी मनमाडपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसलो. भुसावळपर्यंत बडीशेप संपली. पहाटे वर्ध्याच्या फलाटावर उतरलो तर समोर पोलीस, लोकांच्या पिशव्यांवर नजर ठेवून. माझ्या पिशवीत बेदाणे आणि स्वेटर, तरी छाती धडधडली. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि बाजूला झाला. "या काका." या वयात पोलीससुद्धा आपल्यावर संशय घेत नाही, याचं घरी येईपर्यंत थोडं वाईट वाटत राहिलं.

घरी सगळं व्यवस्थित पार पडलं. बेदाणे आवडले. बागेचं वर्णन मी खरड छाटणीपासून गोडी छाटणीपर्यंत केलं. द्राक्षं कशी होती, तर बारीक, बियांची, जाड सालीची. "मग कायच्या कामाची?" हिनं विचारलं. मी म्हटलं, बाहेर पाठवतात.

तिसऱ्या दिवशी ती मोरीपाशी माझा शर्ट घेऊन बसली होती. भिजवायच्या आधी खिसे उलटायची तिची पद्धत आहे. इतक्या वर्षांत त्यातून तिला बसची तिकिटं, खडूचे तुकडे आणि एकदा माझी कवळी मिळाली आहे.

"हे बूच कायचं?"

"रॉबर्ट हूकचं," मी म्हणालो. त्या क्षणी दुसरं नाव सुचलं नाही.

हा कोण, हे तिनं विचारलं नाही. बूच उजेडात धरून जांभळा डाग बघितला. बोटांत फिरवलं. मग सरळ नाकाशी नेलं. हातानं वारा वगैरे घेतला नाही.

"मिरे आहे," ती म्हणाली. थोडं थांबली. "लवंग." पुन्हा एकदा हुंगलं, या वेळी डोळे मिटून. "अन् जराशी बुटीबोरी."

बूच आता एरंडेलाच्या बाटलीला आहे. बसत नव्हतं, म्हणून तिनं विळीवर तासून घेतलं. तासताना एक पातळ काप पडला, तो मी उचलून पुडीत ठेवला आहे. शाळेत जाऊन सूक्ष्मदर्शक मागायचा आहे. काप कुठला म्हणून सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही.